तिरका बांध

स्पर्धेचा विषय फळ्यावर लिहिला,
थोरपण बुद्धीचं की चिकाटीचं,
आणि वर्ग घेऊन पांझरेच्या बंधाऱ्यावर गेलो.
का, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.
वर्गात उकडत होतं, एवढं खरं.

सुकलाल पाटकरी चारीत उभा,
फावड्यानं गाळ ओढत.
हा बांध कुणी घातला, मी विचारलं.
"नाव कोनले माहीत शे, गुरुजी."
पण पायानं त्यानं शेवाळ बाजूला सारलं:
कातळात वीतभर खोल खोबण्या,
रांगेनं, सरळ.
"हाऊ पयला. वाही गया."
दहा पावलं वर दुसरी रांग.
तीही सरळ. तोही गेला.
मग हा आत्ताचा,
पुराला छातीवर नाही, खांद्यावर घेणारा,
तिरका.

गोकुळ म्हणाला, तिसरा हुशार होता.
कल्याणी म्हणाली, तिसरा कुणी नसेलच,
पहिलाच असेल, म्हातारा झालेला.
किंवा त्याची मुलगी,
असंही म्हणाली, हळूच.

सुकलाल दोघांकडे बघत राहिला.
"गाळ दरसाल येस,"
म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

स्पर्धेत पहिला नंबर थोर पुरुषांना मिळाला,
सनावळीसकट.
मीही टाळ्या वाजवल्या.
कल्याणीची घंटा मध्येच झाली;
ती अजून दुसऱ्या रांगेपाशीच होती,
परीक्षकांना वीत उघडून
खोबणीची खोली दाखवत.