क्लिपखालचा काळा तुकडा

आधी टोपण उघडत नाही मी.
वास घेतो.
एबोनाइटला गंधक येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा.
ह्याला आला. म्हणजे नळी तरी खरी.

मनामाच्या बाजारात, बाब अल-बहरेनच्या मागच्या गल्लीत,
केशर-वेलचीच्या दुकानावर माझा माळा.
जुलै. खिडकीची काच बाहेरून घामेजलेली.
समोर सफिया हुर्झुक, सलमानियातली रात्रपाळी करून
तशीच आलेली, बुटांवर अजून हॉस्पिटलची प्लास्टिकची टोपी.
"अब्बांचं आहे. असली आहे ना? विकायचंय."

असली.
ह्या शब्दासाठी माझ्याकडे दहापटीचं भिंग आहे,
एक पट्टी आहे,
आणि शंका.

हे बघ, मी दाखवतो:
काळं एबोनाइट उन्हानं विटतं,
चपलेच्या जुन्या पट्ट्यासारखं तपकिरी होतं.
टोपण सगळं तसं झालंय.
फक्त क्लिप जराशी उचलली, की खाली
क्लिपच्याच आकाराचा एक काळा तुकडा,
पहिल्या दिवसाचा, ऊन न पाहिलेला.
क्लिप बदलली असती तर ही सावली जुळली नसती.
एवढी एक गोष्ट छातीठोक सांगतो.

तरफ ताठ. आतली रबरी पिशवी गेलेली,
हलवलं की वाळक्या शेंगेतल्या बियांसारखी खुळखुळते.
शेवटाला दातांच्या खुणा, डाव्या बाजूनं.
"बेरीज चुकली की चावायचे," ती म्हणते,
"गोदीत स्टोअरकीपर होते."

आणि निब.
पोलादी. वर सोन्याचा मुलामा, तोही खांद्यावर उडालेला.
फीडच्या जुन्या चरीत नीट बसत नाही,
मशिदीबाहेरून दुसऱ्याच्याच चपला घालून निघालेल्या माणसासारखी.
मूळची चौदा कॅरेटची असणार.

मी भिंग पुढे करतो. ती घेत नाही.
"ती विकली त्यांनी, इथंच, सोनारांच्या गल्लीत.
श्रीवर्धनला तीन मिनिटांचा ट्रंककॉल लावला.
मी चाळीस दिवसांची होते, मला पोस्टात नेलं होतं.
अम्मीला बोलताच आलं नाही. तीन मिनिटं नुसती मी रडले."

निब अर्धा ग्रॅमही भरत नाही.

वहीत लिहितो: निब, मूळ नाही.
लिहिताना हात थांबला असं सांगितलं असतं,
पण थांबला नाही. सवय आहे.
भावही खाली आणला, साठावरून चाळीस दिनार.

मग धुणं.
इथल्या नळाचं पाणी खारं, सुकलं की पांढरा थर धरतं.
मी एसीच्या नळीखाली बाटली लावून ठेवतो,
रात्रभर थेंब थेंब, हवेतून पिळलेलं पाणी.
वाडग्यात फीड सोडली.
बराच वेळ काही नाही.
मग एक निळा धागा सुटला,
त्याच्यामागून काळसर,
मग, फार क्वचित पाहिलंय मी हे, लाल:
कुठल्याशा स्टॉकवहीतली तूट.

"थांबा."
तिचं बोट पाण्यात होतं.

मी समजावलं, न धुतलेलं पेन कुणी घेत नाही,
वाळलेली शाई चरीत दगडासारखी बसते,
कधीतरी फोडावीच लागते.
"आत किती राहिलीये?"
वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
उजेडाला धरून पाहिलं. निम्मी असेल. कमीही असेल.

फीड टिपकागदावर ठेवली.
वाडगं मध्येच राहिलं, ओतायला कुणी उठलं नाही.
खाली केशरवाल्यानं दुपारचं शटर ओढलं.
चिठ्ठीवर 'स्थिती' पुढची जागा कोरी होती,
ती तशीच.
सफियानं बोट पुसलं नव्हतं, नखाच्या कडेला निळं सुकत होतं;
भावाचं ती विसरली, की तिनं टाळलं, कोण जाणे.
मी उगाच पुन्हा क्लिप उचलली,
आणि तो काळा तुकडा आहे ना
ते पाहिलं.