चक्कीवरचं खोकं

राळेगावहून आलेला पोरगा
फटफटी बंदही न करता
खोकं चक्कीवर ठेवून गेला.
नाव : शेवंता कुमरे.
गावात शेवंता नाही.
कुमऱ्यांची दोन घरं, त्यांनीही मान हलवली.
मोबाइल नंबर मात्र माझा.

काट्यावर ठेवून पाहिलं. सातशे चाळीस ग्रॅम.

दुपारी फोन. गोड आवाज.
"ताई, पार्सल वापस करायचं तर ओटीपी सांगा."
"थांब गा, लाईन आली," म्हटलं
अन् बटन दाबलं.
बराच वेळ तो
ज्वारीचं दळण ऐकत राहिला.

खोकं अजून खिडकीत आहे.
पिठाखाली नाव बुजत जातं,
मी रोज फडक्यानं पुसते.
न जाणो, एखाद दिवशी शेवंता
डबा घेऊन यायची दळायला.