मोजा

दुपारच्या जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात लांब असतो.
ताट उचलून नेलेलं असतं,
पण पोटात गेलेलं डोक्यात येऊन बसतं.
तो अर्धा तास माझा. मंगळवारी आणि शुक्रवारी.
मी डॉक्टर नाही. वजनाच्या तक्त्यावर काय लिहिलंय
मला कोणी सांगत नाही, मी विचारत नाही.
माझ्याकडे दोन टोपल्या लोकर आणि बोथट सुया,
त्याही जाताना मोजून परत घ्यायच्या.

तार्तूच्या या इस्पितळाच्या खिडकीतून नदी दिसते,
आई-नदी म्हणतात तिला इथे, थंडीत गोठलेली.

पहिल्याच दिवशी चूक केली.
जेवत्या माणसाला आम्ही म्हणतो, यात्कु लेइबा,
तुझी भाकर पुरून उरो.
दारातून येताना सवयीनं तोंडातून गेलं.
एक मुलगी उठून चालती झाली.
आयुष्यभर वाटलेला आशीर्वाद
कुणाला शापासारखा लागतो,
हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

ती मिर्याम. शर्यतीची होडी वल्हवायची,
तळहातावरचे घट्टे अजून गेले नव्हते.
विणकामात लगेच तरबेज झाली. मी खूश.
दोन सुलट, एक उलट, आठवा टाका पांढरा,
ओठ हलत राहायचे, चूक म्हणून नाही.
मग एका शुक्रवारी बघितलं,
तिनं अख्खा पंजा उसवला होता
एका टाक्यासाठी, सातव्यांदा.
धस्स झालं.
औषध म्हणून आणलेल्या टोपलीत
आजारच येऊन बसला होता, ऐटीत, सुया घेऊन.

मी नमुन्याचा कागद काढून घेतला.
म्हटलं, आता मोजायचं नाही. गप्पा मारत विण.
ती रडली, मला शिव्या दिल्या,
आमच्या भाषेत शिव्या चांगल्या आहेत.
कोपऱ्यात लेहो मफलर विणत होता,
जहाजावरचा खानसामा,
तीसजणांना रोज पोटभर वाढून
वर्षानुवर्षं स्वतः उपाशी उठलेला.
मफलर एका टोकाला वीतभर, दुसरीकडे शेताच्या बांधाएवढा.
म्हणाला, माझ्याकडे बघ, मी कुठे मोजतोय?

गुरुवारी कुत्रा येतो, मुरी.
त्याला कोणाचं काहीच पडलेलं नसतं,
मांडीवर डोकं टाकून घोरतो.
बुधवारी एक पोरगेला माणूस कन्नेल वाजवतो,
निम्मा वेळ तारा लावण्यात जातो,
तेच सगळ्यांना जास्त आवडतं म्हणे.
यातल्या कशानं कोण बरं होतं, मला विचारू नका.
जेवण हेच औषध, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.
आम्ही बाकीचे म्हणजे
घास उतरेपर्यंत पाठीवरून फिरणारा हात.

फेब्रुवारीत मिर्यामनं हातमोजा पुरा केला,
न मोजता, स्वतःसाठी, नजरेच्या अंदाजानं.
घातला. हात खाली सोडला.
मोजा जमिनीवर पडला.

इतका मोठा.
तिच्या डोळ्यांना तिचा हात एवढा दिसत होता.

कोणी बोललं नाही.
मी उचलायला वाकले, गुडघा वाजला, तेवढाच आवाज.
लेहोनं हात पुढे केला. त्याला नीट बसला.
झकास, म्हणाला. दुसरा कधी?

मिर्याम मोज्याकडे बघत राहिली, मग आपल्या हाताकडे.
मग वहीचं पान मागितलं, त्यावर पंजा ठेवला.
तू आख, मला म्हणाली. मी आखलं तर चुकेल.
बेचक्यांतून पेन्सिल फिरवताना
तिची बोटं गार लागत होती.
हात उचलून तिनं कागदावर उरलेला हात पाहिला.
हा माझा नाही, म्हणाली.

मार्चअखेर घरी गेली. मे महिन्यात परत आली.
आता पुन्हा गेली आहे.
लेहोकडे एकच मोजा आहे,
महिन्यातून एकदा तपासणीला येतो तेव्हा
दुसरा हात खिशात घालून येतो. वाट बघत नाही म्हणतो.
तो कागद माझ्या टोपलीत, तळाशी, लोकरीखाली.

आज शुक्रवार. एक नवीन मुलगा आलाय,
ताटाकडे पाठ करून बसलेला.
मी दारात थांबते. आशीर्वाद जिभेवर येतो.
तो गिळते,
आणि लोकर पुढे करते.