गोलात बसेल असं

मॅडमचा निरोप आला ग्रुपवर, रात्री पावणेदहाला:
सर्व सेविकांनी डीपीला स्वतःचा फोटो ठेवावा.
फूल, देव, नातू, बैलजोडी चालणार नाही.
चेहरा स्पष्ट दिसावा.

माझ्या डीपीला चार वर्षं जास्वंद होतं.
तेही माझ्या दारचं नाही,
कोणीतरी शुभ सकाळ म्हणून पाठवलेलं,
पाकळीवर दव, कोपऱ्यात अर्धं कापलं गेलेलं 'मंगळवार'.
घाटंजीच्या दवाखान्यातली सिस्टर
फोन लागला की विचारायची, "जास्वंदवाल्या बाई ना?"
हो, म्हणायची मी.

गॅलरी उघडली. दोन हजार एकशे सहा फोटो.
वजनकाट्याला लोंबकळणारी बाळं,
दंडाच्या पट्टीवरचा हिरवा, कधी पिवळा,
खिचडीचं पातेलं वरून, तेच पातेलं बाजूने,
नळाखाली बारा हात,
तारीख-वेळेसकट सगळं, पुराव्यासाठी.
मी कुठे आहे?
एकात काटा धरलेलं मनगट. बांगडी माझी.
एकात सावली, डोक्यावरून पदर घेतलेली,
बाळाच्या पोटावरून आडवी गेलेली.
एकात नुसता अंगठा, गुलाबी, ढगाएवढा,
अर्धी अंगणवाडी झाकून बसलेला.

तसे आहेत माझे फोटो.
लग्नातला आहे, पण अर्ध्यात हे आहेत.
कापावं वाटलं.
मग कापावं वाटलं याचीच लाज वाटली,
पुढे सरकवला.
आधारकार्डावरचा आहे. तो पाहून भाची संघमित्रा म्हणाली होती,
"मावशी, हा तं ठाण्यातल्या पाटीवर लावाचा फोटू हाय."

तीच आली रविवारी.
मला दाराच्या उजेडात बसवलं, मान इकडे, मान तिकडे,
मग बोटानं काय काय केलं काचेवर
आणि दाखवला.
गाल गोरे. डोळे मोठे. हनुवटी टोकदार.
कपाळावरचा व्रण नाही.
तो व्रण म्हणजे सुगतनं बोरीला मारलेला दगड,
चुकलेला.
मी दहाची होते, तो सातचा.
सुगत आता नाही.

"हे कोण?"
"तूच वं."
"मंग हिलेच धाड उद्या अंगणवाडीत.
पोट्टे वळखतीन का पाह्यजो."
रुसली. चहा न घेता गेली.

सोमवारी मी खुर्चीवर बसून रजिस्टर भरत होते.
टेकामांचा गुंजन, साडेतीन वर्षांचा,
फारसं बोलत नाही अजून,
त्यानं टेबलावरचा फोन कधी उचलला, कळलंच नाही.
संध्याकाळी पाहते तर सत्तेचाळीस फोटो.
पंखा. पंखा. त्याचाच गुडघा. पंखा.
फरशीवर सांडलेले मुरमुरे, फार जवळून.
मग मी, खालून:
हनुवटी, नाकपुड्या, डोक्यामागे टिनाचं छत,
पेनाचं टोपण दातात,
आणि नजर खाली वळलेली, त्याच्याकडे,
"ठेव रे तो" म्हणायच्या जरा आधीची.
व्रण आहे. उजेड पडलाय त्यावर.

मला माहीत नव्हतं
मी एवढी उंच आहे.

गोलात बसवताना टोपण कापलं जात होतं.
दोनदा सरकवून आत घेतलं.

मॅडमनी लिहिलं: चेहरा नीट नाही, बदला.
मी अंगठा पाठवला.
अजून बदललेला नाही.

काल सिस्टरचा फोन.
"जास्वंदवाल्या बाईच ना? हा कोनाचा फोटू लावला?"
लसीकरण बुधवारी आहे, मी म्हटलं,
नऊ बाळं आहेत, ऊन फार आहे,
बर्फाचा डबा मोठा आणा.