सुपली

कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा
मी अस्तरांचं गाठोडं उपसत होते.
लगीनसराई. अकरा ब्लाऊज अजून शिवायचे,
आणि तळाच्या पिवळ्या अस्तरात
माझ्याआधीच कुणीतरी कातरकाम करून गेलेलं.

बारीक, मऊ, पिंजून ठेवल्यासारखं.
मधोमध सहा पिल्लं,
अंगुस्तानात एकेक मावेल एवढी.
डोळे कातडीखालीच अजून,
दोन काळे मणी, वरून टाके घातलेले.
(धंदाच असा. मला सगळीकडे टाकेच दिसतात.)

मारायला हात होईना.
राहू द्यावीत तर इंदुलकरणीचं पैठणीचं पीस
त्याच गाठोड्यात.
म्हणून केराच्या सुपलीवर घेतली घरट्यासकट,
परड्यापलीकडच्या उसात सोडू म्हणून.
तिथं त्यांचं काय होणार होतं
ते मी स्वतःला विचारलं नाही.

परड्यात कोंबड्या होत्या.
चार जुन्या, आणि ती उघड्या मानेची तलंग
जिला आमचा पृथ्वी म्याडम म्हणतो,
कारण ती पण वर्गात येते तशी येते,
सगळ्यांना गप्प करत.

म्याडमनं मान तिरकी केली.
एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या,
गिऱ्हाईक उजेडाला धरून कापड पारखतं तसं.
आणि मी

सुपली खाली ठेवली
की सुपली हातातनं कलली,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक टोच.
गुलाबी काहीतरी चोचीत धरून ती पळाली,
बाकीच्या मागोमाग, पंख उघडून, पाय फाकवत,
मांडणीवरनं भांडी कोसळावीत असा गलका.
धुण्याच्या दगडावर तिनं ते दोनदा आपटलं.
आधी डोकं.
घास उतरताना दिसला मला, त्या उघड्या मानेतनं,
खाली,
जरा थांबून,
खाली.
उरलेली पाच, मी हूश म्हणेपर्यंत संपली.
मी हूश म्हणाले.
हळू म्हणाले.

मग तिनं चोच मातीला घासली, इकडून, तिकडून,
कात्रीला धार लावल्यासारखी,
आणि माझ्या हाताकडे पाहत राहिली.
आणखी काय आहे?

मान वर केली तर भिंतीपलीकडे राजमतीकाकू.
दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या.
जोंधळे निवडले की किडके दाणे मूठभर
रोज भिंतीवरनं आमच्याकडे टाकणाऱ्या,
"मुकी पाखरं गं, दाण्यापाण्यावर जगत्यात."
त्यांच्या हातात टॉवेल होता, त्यावर चिपाडाची काजळी.
झटकत राहिल्या.
काजळी गेली तरी झटकत राहिल्या.
मग आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दाणे आले नाहीत.
तिसऱ्याही.
अंडी मात्र आली, नेहमीसारखी, कोमट.
पृथ्वीनं दोन खाल्ली, तिसरं मागितलं.
मी नुसता चहा घेतला,
आणि दुपारी त्याच अंड्यांची पोळी करून खाल्ली,
मिरची जास्त घालून.

शनिवारी भिंतीवर काहीतरी खडखडलं.
पिंजरा. लाकडी, पत्र्याच्या झाकणाचा.
आत करपलेल्या भाकरीचा तुकडा
आणि एक करडा उंदीर,
वयात आलेला, डोळे सताड उघडे.

काकूंनी पदर नाकाला लावलेला.
"कणगीत शिरला व्हता.
तुझ्याकडं करत्यात ते बग काय ते.
मी आत जातो. मला काय सांगू नगंस."

आणि त्या गेल्या नाहीत.

मी पिंजरा उतरवून घेतला.
आत नखं पत्र्यावर वाजत होती,
मशीन रिकामं चालतं तशी.
कोंबड्या केव्हाच येऊन उभ्या होत्या.
म्याडम सगळ्यांत पुढे, मान ताठ,
एक डोळा माझ्याकडे,
एक भिंतीकडे.