तीन तारे

संपादक म्हणाला, चारशे शब्द, शेवटी तारे दे.
म्हणजे आधी वाईट ते सांगतो.

पुस्तक तीनशे बारा पानांचं, शिवण कच्ची.
दुसऱ्याच रविवारी 'शापित शस्त्रं' सुटून हातात आली.
पडद्यावरच्या खेळात उंचावरून पडलं
की लाल पट्टी घटायची, बस्स.
इथे त्यासाठी पान एकशे अठरा :
किती हात उंची, खाली दगड की पाणी,
अंगावर चिलखत किती शेर.
बेरीज होईस्तोवर माणूस हवेतच.

आम्ही खेळलो कन्नमवार नगरात, सोसायटीच्या ऑफिसात,
कॅरम बोर्ड उलटा घालून त्यावर काजळकोटाचा नकाशा.
वीस बाजूंचा फासा कपाटाखाली गेला,
'पावत्या २००९' च्या गठ्ठ्याला टेकून
दान पडलं एक.
ज्योत्स्ना तांडेल म्हणाली, पडलं ते पडलं.
पडद्यावर मी मागचा सेव्ह उघडला असता.

नऊ वाजता सेक्रेटरी लोटलीकर किल्ली मागायला आले
आणि बसले.
शार्दूल आला नव्हता, त्याचा भालाईत त्यांना दिला.

घाटावर नावाडी.
हा नावाडी मला पाठ आहे.
एकशे चाळीस तास खेळलोय मी मूळ खेळ,
बटण दाबलं की म्हणतो, 'पलीकडे धुकं आहे',
नाणं दिलं की वल्हं उचलतो.
मी नाणं काढतच होतो,
तर लोटलीकर त्याला विचारतात,
जेवलास का रे?

ज्योत्स्नाने पानं चाळली.
नावाड्याच्या वाट्याला दीड ओळ, तीत जेवण नाही.
तिने पुस्तक मिटलं,
आणि तिच्या आवाजात भांडुपची खाडी आली, ओहोटीची :
'कालधरनं पोटान काय नाय.'

मग काजळकोट राहिला बाजूला.
साडेअकरापर्यंत आम्ही त्याच्यासाठी मासे धरत होतो,
भालाईत कमरेएवढ्या पाण्यात,
दोनदा घसरला, पान एकशे अठरा कुणी उघडलं नाही.
राक्षस बसला असेल तिकडे सिंहासनावर, वाट बघत.

घरी येऊन मी पडदा लावला.
नावाड्यासमोर सगळी बटणं दाबून पाहिली :
उडी मारली, तलवार उपसली, लोळलो,
मशाल धरली त्याच्या तोंडाशी.
पलीकडे धुकं आहे, म्हणाला.

तर, किंमत जास्त. शिवण आधी पक्की करून घ्या.
तारे तीन.
वरचा अर्धा पुस्तकाचा नाही,
तो लोटलीकरांना पोचता करावा.
हल्ली रविवारी सातलाच
ऑफिस उघडून बसलेले असतात,
डबा घेऊन.