अंतोबा परत आला

शंभर वर्षं पुस्तकात झोपलेला ठक, अंतोबा घोळ,
यंदा मिठमुंबरीत उठला
मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर, दोन हॅलोजनखाली.
काम केलं सेक्रेटरी भार्गव खोबरेकरनं,
ज्यानं आयुष्यात
बर्फाच्या एका लादीचाही हिशेब चुकवला नाही.

मी विंगेत, वही घेऊन, डास मारत.
दुसऱ्या अंकात अंतोबा समुद्र विकतो,
वावाला पाच रुपये.
वहीत होतं : टोपी फिरवतो, कोणी काही देत नाही.
भार्गव टोपी घेऊन खाली उतरला
आणि लोकांनी दिलं.
तांडेलांच्या काकीनं तर कनवटीचं सोडलं,
"माका खडपाकडचो दी, थंय कालवां गावतत."
पुढचं वाक्य वहीत नव्हतं.
मी पानं उलटत राहिलो;
तो वाकून म्हणाला,
"काकी, भरती घेतलंस तर ओहोटी फुकट."
त्या हशात एक हॅलोजन उडाला.

सकाळी तो दारोदार.
तोंड धुतलेलं, मिशीचा डिंक ओठावर तसाच.
"घेवा गे आपले पैसे."
"तुका खंय दिले? अंतोबाक दिले."
कोणी दार लोटलं, कोणी चहा दिला.

तीनशे पंच्याऐंशी. सोसायटीच्या कीर्दीत
त्यानं 'अनामत' म्हणून लिहिले,
खाली लाल शाईत : वजा पन्नास.
एक नोट खेळातली निघाली,
लहान मुलांच्या बँकेची.

ती त्यानं खिशात ठेवली.
आठवडाभर बघतोय,
चहाचे पैसे देताना
तो आधी तीच काढतो.